सतराव्या झाडापासून डावीकडे

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे, पण आजवर एक कमेंटसुद्धा टाकलेली नाही. खरं सांगायचं तर इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात त्यांची कारणं शोधत असते. इथे वारा असेल, तिथे ताप असेल, हिला झोप कमी मिळाली असेल... बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. मी वनस्पतिशास्त्र शिकले आहे. पान उलटून मागची लव पाहिल्याशिवाय झाडाचं नाव सांगायचं नाही, ही आमची सवय. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही बसला आहे असं मी म्हणणार नाही. जे झालं ते फक्त क्रमाने लिहिते.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मराठी लिहायला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरी शिकवलं. एरवी मराठीत काही लिहिलं की त्यांच्याकडून तपासून घेते. हे तपासून घेतलेलं नाही, कारण यातला अर्धा भाग त्यांना माहीत नाही. चुका सांभाळून घ्या.

आम्ही हुमनाबादला राहतो, बिदर जिल्ह्यात. मूळ गाव दुबलगुंडी. अप्पा मराठी शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते. वर्गातली सगळी मुलं प्रोजेक्टसाठी आगुंब्याला निघाली होती — रेनफॉरेस्ट, चार दिवस, एकच बस, बसमध्ये गाणी. चार दिवस एवढ्या माणसांत राहणं मला झेपणार नव्हतं. मी सरांना हळूच म्हटलं, मला जवळपास कुठे करता येईल का? सर हसले. म्हणाले, "आपल्याकडेही रेनफॉरेस्ट आहे की. वर्षातून चार महिने."

ते चिंचोळीच्या जंगलाबद्दल बोलत होते. कलबुर्गी जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून. उन्हाळ्यात गेलात तर तिथे नुसत्या काटक्या आणि लाल माती दिसेल. पण श्रावणात तेच जंगल ओळखू येत नाही. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ चढतं, वेली एकमेकींत गुंततात, आणि दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

माझं काम साधं होतं. जंगलात एक सरळ रेष धरायची, त्या रेषेवर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या झाडाला नंबर द्यायचा, नाव लिहायचं, चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्या अप्पांनी बनवल्या. ताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या, जाड आणि गुळगुळीत, पावसात लगेच भिजणार नाहीत अशा. त्यांचे त्यांनी पन्नास तुकडे कापले, प्रत्येकाला भोक पाडून सुतळी ओवली. एका बाजूला कोरं, दुसऱ्या बाजूला सोनेरी वेलबुट्टीचा एखादा तुकडा. नंबर मी झाडाजवळ उभं राहून पेन्सिलने लिहायचे.

मी एकटीने जंगलात जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून अप्पा सोबत आले. परवानगी सोमवारची मिळाली होती. गाडीत मी विचारलं, "नाष्टा केलात ना? गोळी घेतलीत?" अप्पांना साखरेचा आजार आहे, दहा वर्षं झाली.

"झालंय गं सगळं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

जंगलाच्या तोंडाशी शांताक्का उभी होती. साठीची बाई, काष्टा घातलेला, हातात कोयता. माहेर उदगीरकडचं, लग्न होऊन जंगलाच्या कडेच्या गावात आली त्याला चाळीस वर्षं झाली. तिथल्याच रोपवाटिकेत रोजाने काम करते. वाट दाखवायला तिला आमच्यासोबत दिलं होतं.

"काल सांजच्याला यिऊन सांगून गेले मी," ती म्हणाली.

"कोणाला?" मी विचारलं.

"रानाला. आनि कोणाला? उद्या तिघं जण यायलाव, झाडं बघायलाव, मोडायलाव न्हाई काही."

तिकडे औषधी पाला आणणाऱ्या बायकांची ही रीत आहे. आदल्या संध्याकाळी जाऊन शिवेवर चिमूटभर तांदूळ ठेवायचे, किती जण येणार ते सांगायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी जायचं. अप्पांना गंमत वाटली.

"मग काय म्हटलं रानानं, शांताक्का?"

"रान बोलतंय व्हय, गुरुजी? येवढी वर्सं मास्तरकी केलात अन असं इचारायलात!"

अप्पा मनापासून हसले. त्या दिवशीचं त्यांचं ते शेवटचं नीट हसणं. त्यानंतर ते जरा गप्पच होते, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी झाडांकडे बघत होते.

आणि बघण्यासारखं खूप होतं. कळलावीची फुलं ज्वाळांसारखी वर वळलेली. तेंदूच्या काळ्या बुंध्यावर लाल वाणी नावाचे लांब किडे वेटोळं करून बसलेले. दोन झाडांच्या मध्ये हातभर रुंद कोळ्याचं जाळं, त्यावर पावसाचे थेंब. नवरंग पक्षी कुठेतरी झुडपात दोन सुरांची शीळ घालत होता, दिसत मात्र नव्हता. मला माणसांशी बोलायला जमत नाही, पण जंगलात कोणी बोलायची अपेक्षाच करत नाही. मी इतकी खूश क्वचितच असते.

मी नंबर द्यायचे, अप्पा वहीत मराठी नाव लिहायचे. शांताक्का कोयत्याने वाट करता करता टोमणे मारायची. "झाडाला नंबर कामून द्यायलीस माय? शाळंत घालायलीस का?"

"हजेरी घ्यायलाव," अप्पा म्हणाले.

सतरावं झाड मोहाचं होतं, भलामोठा बुंधा. तिथे अप्पा छत्री टेकवून खाली बसले. चेहरा घामेजला होता, पण हवाच दमट होती. मलाही घाम येत होता.

"तुम्ही व्हा पुढं. मी हितंच बसतो जरा. येताना न्या मला."

"बरं वाटतंय ना?"

"गुडघा बोलायलाय. जा तू, काम कर."

मी गेले. साडेदहा वाजले होते.

एकतीस नंबरपर्यंत पोचायला आणि परत यायला आम्हाला तास लागला. मोहाच्या झाडाखाली छत्री होती. वही होती, तिच्यावर दगड ठेवलेला, पानं उडू नयेत म्हणून. अप्पा नव्हते.

आधी वाटलं, आडोशाला गेले असतील. पाच मिनिटं थांबलो. मग शांताक्काने तोंडाला दोन्ही हात लावून हाक मारली, "गुरुजीऽऽ!" काही नाही. पुन्हा मारली. पानांवरून पाणी पडल्याचा आवाज, बस्स. फोनला रेंज नव्हती, आणि तसाही अप्पांचा फोन गाडीतच होता.

"मी रोपवाटिकेवरून माणसं आणते," ती म्हणाली. "तू हितून हलू नको. कळलं? हलू नको. एक हरवलाय, दोन नको."

ती गेली. आणि मी एकटी उरले.

इथे एक सांगायला हवं. मला ओरडता येत नाही. म्हणजे खरंच येत नाही. वर्गात हजेरीला "प्रेझेंट" म्हटलेलं बाईंना ऐकू जायचं नाही. त्या दिवशी मी मोहाखाली उभी राहून "अप्पा" म्हणत होते आणि तो आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती — एकदा घरी त्यांची साखर उतरली होती तेव्हाचे ते. डोळे उघडे, पण ओळख नाही. स्वयंपाकघराचं दार समजून कपाट उघडत होते. तसेच ते आता इथे कुठेतरी फिरत असले तर? किंवा फिरायचे थांबले असले तर?

तेव्हा मला डाव्या बाजूला काहीतरी पांढरं हललेलं दिसलं.

आमची रेष सरळ पुढे जात होती. डावीकडे आम्ही कोणीच गेलो नव्हतो. तिकडे उतार होता आणि दाट झुडूप. आठ-दहा पावलांवर एक धावडा होता आणि त्याच्या बुंध्यावर एक चिठ्ठी वाऱ्याने फिरत होती. माझी चिठ्ठी. सुतळी, भोक, मागे सोनेरी वेलबुट्टी. मी जवळ जाऊन ती सरळ केली.

32. धावडा.

माझं अक्षर होतं.

मला लगेच भीती वाटली नाही. आधी राग आला, स्वतःचाच — की मी बांधून विसरले कशी? मग लक्षात आलं की मी एकतीसच बांधल्या आहेत, आणि एकतिसावं झाड इथून खूप लांब आहे. मी मान वर केली तर खाली, उताराला, दुसरी चिठ्ठी.

33. बिबा.

त्याच्यापुढे चौतीस, तेंदू. शांताक्काने हलू नको म्हटलं होतं. मी निघाले. विचार केला असं म्हणता येणार नाही. एका चिठ्ठीपासून पुढची दिसत होती, आणि पाय जात होते. पस्तीस नंबरच्या चिठ्ठीवर "मेडशिंगी" लिहिलं होतं. मला हे झाड माहीत नव्हतं. नाव पुस्तकात वाचलं असेल, पण समोर उभं राहून ओळखलं नसतं. तरीही अक्षर माझंच. छत्तीस, पुन्हा धावडा. सदतीस... मी इंग्रजी सात लिहिताना मधून आडवी रेघ मारते, ताई नेहमी हसते त्यावरून. ती रेघ होती.

अडतीस नंबरचं झाड ओढ्याच्या काठावर होतं. उंबर. त्याच्या मुळांपाशी काठ तुटलेला, आणि खाली, अगदी खाली वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, अप्पा बसले होते. पाठ काठाला टेकलेली, पाय पाण्यात, चपला नाहीत. डोळे अर्धे उघडे. शर्ट पिळून काढण्याइतका ओला.

मी घसरतच खाली गेले. "अप्पा" म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे त्यांना कळलं नाही. माझ्या बॅगेत ग्लुकोजची पुडी असते, त्या कपाटाच्या प्रसंगापासून मी ती कायम ठेवते. घोट द्यायची भीती वाटली, ठसका लागला तर? म्हणून पावडर बोटावर ओली करून गालाच्या आत चोळत राहिले. अर्धी पावडर ओढ्यात गेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी ओठ चाटले. मग स्वतःहून तोंड उघडलं. मी पाण्यात कालवून घोट घोट पाजलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "रडायलीस कामून? मी हाय की."

चपला शोधायला ते खिशात हात घालत होते — खिशात! — तेव्हा त्यातून कागदात बांधलेली राजगिऱ्याची वडी निघाली. अख्खी. एक कोपराही मोडलेला नाही.

मी वडीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. श्रावणी सोमवार. साखरेची गोळी सकाळी घेतलेली, आणि पोटात काही नाही. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगून दोन वर्षं झाली होती. आईने निदान दहा वाजता खा म्हणून ही वडी हातात दिली होती, आणि मला सांगायचं नाही असंही त्या दोघांचं ठरलं होतं, हे नंतर कळलं.

"उपास होता?"

"एकच सोमवार गं... शेवटचा..."

आणि मग मला आवाज फुटला. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "उपास होता तर सांगायला काय झालं होतं! देवाला काय तुम्ही मेलेले पाहिजे होते का!" असं काहीतरी, आणि बरंच. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणावर ओरडले, आणि ते अप्पांवर. ते ओल्या शर्टात, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे मान खाली घालून ऐकत होते.

शांताक्का माणसं घेऊन मोहापाशी पोचली होती. त्यांना आम्हाला शोधावंच लागलं नाही. माझ्या आवाजावर सरळ चालत आले.

"मला वाटलं दुसरीच कोणी बाई हाय," काठावरून वाकत ती म्हणाली. "गुरुजी, लेक तुमची बोलती की वो!"

दोघांनी हात धरून अप्पांना वर आणलं. आम्ही त्याच उताराने मोहाकडे निघालो. मी मागे होते. उंबराच्या बुंध्याकडे बघितलं. चिठ्ठी नव्हती. धावड्यावर नव्हती. मेडशिंगीवर नव्हती. सुतळीचा दोरा नाही, गळून खाली पडलेला कागद नाही. मी प्रत्येक झाडापाशी थांबून मागच्या बाजूला हात फिरवून पाहिला. फक्त ओली साल.

"इथे चिठ्ठ्या होत्या," मी शांताक्काला म्हटलं.

"तुझ्या? त्या वर लाईनीत हायत न्हवं?"

मी मान हलवली आणि अप्पांच्या मागे चालायला लागले.

चिंचोळीच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी अप्पांना इतकं झापलं की माझं काम हलकं झालं. वेळेवर साखर पोटात गेली, नाहीतर कठीण होतं, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळी आम्ही घरी होतो. अप्पांना फार काही आठवत नाही. मोहाखाली बसल्यावर तहान लागली, पाण्याचा आवाज आला, उठले, एवढंच. नंतर एकदम तोंडात गोड चव. मी त्यांना सांगितलं की उताराने शोधत आले. "शाबास," ते म्हणाले. "पाणी खालीच असतंय."

रात्री जेवण झाल्यावर मी उरलेल्या चिठ्ठ्या मोजल्या. कोऱ्या एकोणीस. म्हणजे बांधलेल्या एकतीस. वहीतही शेवटची नोंद एकतीसच.

कारणं मी शोधली, नाही असं नाही. घाबरलेलं मन काहीही दाखवतं. मला झाडांची ओळख आहे, मीच नकळत उताराचा अंदाज घेतला, आणि डोक्याने त्यावर चिठ्ठ्या डकवल्या. हे पटतं मला. जवळजवळ पूर्ण पटतं. अडतं ते फक्त मेडशिंगीपाशी.

तीन आठवड्यांनी राहिलेलं काम पुरं करायला परत गेले. या वेळी ताई सोबत होती, अप्पा घरी. निघताना त्यांनी दारात उभं राहून पोह्यांची रिकामी ताटली मला दाखवली. जंगलात शांताक्काने विचारलं, "आता कुठून?"

मी म्हटलं, "सतरापासून डावीकडे."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "मी तिघं सांगितले हुते," ती हळू आवाजात म्हणाली. "तिघं परत गेले." आणि कोयता घेऊन पुढे झाली. हे तिचं उत्तर. माझं नाही, पण मी ते खोडूनही काढलं नाही.

धावडा. मग बिबा. मग तेंदू. चौथ्या झाडाला लांब, शिंगासारख्या वाकड्या शेंगा होत्या, ज्या मी त्या दिवशी पाहिल्याच नव्हत्या. परत आल्यावर त्याची फांदी सरांना दाखवली. त्यांनी पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "मेडशिंगी."

जंगलात त्या दिवशी एकेक चिठ्ठी लिहिताना माझ्या मनात एकच विचार होता आणि तो इथे लिहायलाही संकोच वाटतो. मी यातली एखादी बांधली नाही तर? त्या सोमवारी मला ती दिसली असती का? मला हे झाड टाळून दुसऱ्याला नंबर देता आला असता. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं, कारण ही काही सरळ रेष नाही, वाकडीतिकडी आहे. पण मी टाळलं नाही. सातही झाडांना बांधल्या, प्रत्येकाला दोन गाठी. ताई म्हणाली, "एवढी घट्ट कशाला गं?" मी म्हटलं, माकडं ओढतात.

रिपोर्टमध्ये सरांनी त्या जागी लाल खूण केली होती. दुसरी रेष सतरापासूनच का, आणि अशी वाकडी का? मी लिहिलं, उताराप्रमाणे. अप्पांचंच वाक्य जवळजवळ. ते चाललं.

नक्की काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला सांगता आलं तर जरूर लिहा, मी वाचेन. अप्पा ठीक आहेत. गोळ्यांची डबी आता माझ्याकडे असते आणि सोमवारी आम्ही दोघं समोरासमोर बसून खातो.

सरांनी आणखी एक विचारलं होतं. पन्नास चिठ्ठ्या नेल्या होत्यास, मग यादी अडतीसवर का थांबली? ओढ्यापलीकडेही जंगल आहेच की.

मी म्हटलं, सर, माझं काम तिथे संपलं.